डॉक्टरांच्या ग्रंथालयातील मार्शियाबाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसबाई भाषणाचे आमंत्रण घेऊन घरी आल्या, तेव्हा मी त्यांना म्हटले, ‘‘अहो, मी काय बोलणार? मी काही वक्ती नाही. सारा जन्म ‘कृपया शांतता राखा’ या पाटीखाली गेलेला.’’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुमच्या कामाविषयीच बोला. इतकी वर्षे शेजारी राहतो आपण, पण तुम्ही नेमके काय करत होता हे कुणालाच ठाऊक नाही.’’

खरे आहे ते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनीही मला हेच विचारले होते. ‘‘तुम्ही डॉक्टर नाही, नर्सही नाही. मग रोज इस्पितळात जाऊन करत होता तरी काय?’’ मी म्हटले, ‘‘काकू, मी तिथली पुस्तके सांभाळत होते.’’ त्यावर काकू म्हणाल्या, ‘‘एवढेच ना?’’

या ‘एवढेच ना’चे उत्तर देण्यासाठी मी आज उभी आहे. पण ते माझ्या गोष्टीने द्यायचे नाही. या व्यवसायात माझ्यासारख्या अनेकींच्या आधी एक बाई होऊन गेली. तिची गोष्ट सांगते, म्हणजे माझे काम आपोआप कळेल.

तिचे नाव मार्शिया क्रॉकर नॉइज. आपण तिला मार्शियाबाईच म्हणू. १८६९ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, साराटोगा स्प्रिंग्ज या गावी तिचा जन्म झाला. पुढे ती बॉल्टिमोर शहरी आली आणि तिथल्या इनॉक प्रॅट या सार्वजनिक ग्रंथालयात कामाला लागली. सर्वसाधारण वाचकांचे ग्रंथालय ते. कथा-कादंबऱ्या, इतिहास, मुलांची पुस्तके. वैद्यकाचा तिचा काडीचाही अभ्यास नव्हता.

त्याच शहरात त्या काळी विल्यम ऑस्लर नावाचे एक थोर डॉक्टर होते. जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात ते विद्यार्थ्यांना रोग्याच्या खाटेपाशी नेऊन शिकवीत. १८९२ साली निघालेला त्यांचा वैद्यकावरचा ग्रंथ पुढे कित्येक वर्षे जगभरच्या विद्यार्थ्यांनी वाचला. या जॉन्स हॉपकिन्सची एक गोष्ट आपल्या मंडळात सांगितलीच पाहिजे. तिथले वैद्यकीय विद्यालय उघडायला पैसे कमी पडत होते. तेव्हा मेरी गॅरेट आणि तिच्या मैत्रिणींनी निधी जमवला, स्वतः गॅरेटबाईंनी मोठी रक्कम घातली आणि अट घातली, की मुलींना मुलांच्याच बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे. १८९३ साली विद्यालय उघडले ते या अटीसह. आपल्या आनंदीबाई जोशी त्याआधी सात वर्षे, १८८६ साली, जवळच्याच फिलाडेल्फियाला स्त्रियांच्या वेगळ्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या होत्या. तो काळ असा होता.

तर हे ऑस्लरसाहेब १८९६ साली मेरीलँड राज्याच्या डॉक्टरांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. संस्था जुनी, १७९९ सालची. तिचे ग्रंथालय १८३० सालचे. पण त्याची अवस्था आपल्याकडच्या पुष्कळशा जुन्या ग्रंथालयांसारखीच. पुस्तके होती, त्यांच्यावर धूळ होती आणि हवे ते सापडत नव्हते. ऑस्लरसाहेबांना पुस्तकांचे वेड. त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखांना विचारले, ‘आमचे ग्रंथालय नीट लावून देईल असे कुणी आहे का?’ प्रमुखांनी मार्शियाबाईंचे नाव सुचवले. बाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या.

नोकरीची एक अट ऐका. बाईंनी ग्रंथालयाच्या इमारतीतच राहायचे. का? तर डॉक्टरांना पुस्तक कधी लागेल याचा नेम नाही. रात्री लागेल, पहाटे लागेल. देवळाच्या आवारात गुरव राहतो, तशी ही बाई पुस्तकांच्या आवारात राहायला गेली. ती तिथे पन्नास वर्षे राहिली.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर तर शिकूनच आलेला असतो. त्याला मध्यरात्री पुस्तक कशाला हवे?

भगिनींनो, कुठल्याही डॉक्टरला सगळे ठाऊक नसते, आणि चांगल्या डॉक्टरला तर ते पक्के ठाऊक असते. नवे औषध, नवी शस्त्रक्रिया, क्वचित दिसणारा आजार यांची माहिती आधी जाड पुस्तकांत येत नाही. ती येते नियतकालिकांत, दोन-दोन, चार-चार पानांच्या लेखांतून. मार्शियाबाई कामावर रुजू झाल्या त्याच १८९६ साली आपल्या मुंबईत प्लेग आला. इथल्या डॉक्टरांनी काय पाहिले, हाफकिनसाहेबांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस कशी केली, हे दूरदेशीच्या डॉक्टरांना कळायचे ते बोटीने गेलेल्या अशाच छापील कागदांवरून. असे हजारो कागद दरमहा निघत. त्यांतला आपल्याला हवा तो कुठे आहे, हे सांगणारे कुणी नसेल तर तो छापला काय आणि न छापला काय, सारखेच.

आपल्या स्वयंपाकघराचेच बघा. पन्नास डबे आहेत आणि एकावरही चिठ्ठी नाही. घरच्या गृहिणीला डोळे मिटून जिरे सापडेल, पण ती माहेरी गेली तर? ग्रंथालयात तर असे डबे हजारोंनी असतात. शिवाय एकाच वस्तूला तीन नावे! कुणी क्षय म्हणतो, कुणी राजयक्ष्मा, कुणी टी.बी. तीन लेखकांनी तीन नावांनी लिहिलेले लेख तीन ठिकाणी गेले, तर शोधणाऱ्याला एक सापडेल आणि दोन हरवतील. म्हणून कुणीतरी बसून ठरवावे लागते, की हे सारे एकाच नावाखाली जाईल आणि बाकीच्या नावांपुढे ‘तिकडे पाहा’ असे लिहिले जाईल. ऐकायला सोपे वाटते, पण करायला बसा म्हणजे मान मोडते.

हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले ते जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरांनी. वॉशिंग्टनला लष्कराच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे ते प्रमुख होते. १८७९ साली त्यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ नावाची मासिक सूची काढली. जगात वैद्यकावर जे जे छापून येई त्याची विषयवार यादी. मार्शियाबाईंनी याच सूचीतले विषय हाताशी धरून आपल्या ग्रंथालयाचे वर्गीकरण स्वतः बसवले. वैद्यकाचे शब्द त्यांना येत नव्हते, ते त्या शिकल्या. एकेक पुस्तक उघडायचे, ते कशाविषयी आहे ते समजून घ्यायचे, कार्ड लिहायचे आणि पुस्तक जागेवर ठेवायचे. हे रोज. मी स्वतः हे काम केले आहे, म्हणून सांगते, त्यात एक गुपित आहे. जे कार्ड आपण हाताने लिहितो, ते आपल्या डोक्यातही राहते. पुढे कुणी अर्धवट प्रश्न विचारला, तरी कुठले फडताळ उघडायचे ते हाताला आधी कळते.

दोन वर्षांनी, २ मे १८९८ रोजी, फिलाडेल्फियाला एक छोटी बैठक भरली. चार डॉक्टर आणि चार ग्रंथपाल. एकूण आठ माणसे. आपल्या मंडळाची पहिली सभाही ओसरीवर सात-आठ जणींचीच झाली होती, असे जुन्या सभासद सांगतात. त्या आठांत मार्शियाबाई होत्या, आणि कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठाच्या मार्गारेट चार्ल्टनबाईही होत्या. तिथे वैद्यकीय ग्रंथपालांची जी संघटना निघाली, ती आज मेडिकल लायब्ररी असोसिएशन या नावाने ओळखली जाते.

या संघटनेचे पहिले मोठे काम कुठले, तर देवघेव. एका ग्रंथालयात एकाच मासिकाचे दोन अंक पडलेले, दुसऱ्याकडे तोच अंक नाही. मग हा जास्तीचा अंक तिकडे पाठवायचा. आपण शेजारणीकडे वाटीभर साखर मागतो आणि वेळेला कढीपत्ता देतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त वाटीच्या जागी गठ्ठे आणि गल्लीच्या जागी सारा देश. ही देवघेव सांभाळण्याचे काम सुरुवातीची बरीच वर्षे मार्शियाबाईंनी आपल्या ग्रंथालयातून केले. गरीब ग्रंथालयांची फडताळे अशा फुकट मिळालेल्या अंकांनी भरली.

१९०९ साली संस्थेची नवी इमारत कॅथीड्रल स्ट्रीटवर उभी राहिली. तिच्या आखणीत बाईंचा सल्ला घेतला होता, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर बाईंचे बिऱ्हाड होते. ऑस्लरसाहेब त्याआधीच, १९०५ साली, इंग्लंडात ऑक्सफर्डला गेले होते. अध्यक्ष येत होते, जात होते. बाई तिथेच होत्या. पुढे पुढे संस्थेच्या कारभाराची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. त्या आल्या तेव्हा काही हजार पुस्तके होती. त्यांच्या अखेरीस ती साठ हजारांच्या वर गेली होती. १९३३ साली संघटनेने त्यांना अध्यक्ष केले. तोवरच्या पस्तीस वर्षांत त्या खुर्चीवर एकही स्त्री बसली नव्हती.

१९४६ साली त्यांच्या नोकरीला पन्नास वर्षे झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या वारल्या. त्यांचा अंत्यविधी त्याच इमारतीतल्या ऑस्लर सभागृहात झाला. आज त्या संघटनेचा सर्वांत मोठा मान ‘मार्शिया नॉइज पुरस्कार’ म्हणून ओळखला जातो. १९४९ पासून तो दिला जातो.

ही झाली मार्शियाबाईंची गोष्ट. हिच्यात नाट्य असे काही नाही. कुणाचा प्राण त्यांनी स्वतःच्या हाताने वाचवला नाही. कुठल्याही रोग्याने त्यांचे तोंड पाहिले नाही की त्यांना आशीर्वाद दिला नाही. त्या फक्त तिथे होत्या, आणि दार उघडत होत्या. या दार उघडण्याचे मोल काय असते, ते मला एका चुकीने शिकवले. ती चूक माझीच होती. ती आजपर्यंत मी चारचौघींत सांगितलेली नाही.

मी नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. नवी, नियमांची पक्की. ग्रंथालय आठला बंद होई. पावणेआठला मी खिडक्या लावायला घेई. एका संध्याकाळी आठला पाच कमी असताना एक निवासी डॉक्टर धावत आला. पोरसवदाच होता. अंगावरचा पांढरा कोट चुरगळलेला. एका आजाराचे नाव घेऊन म्हणाला, ‘‘बाई, मुलांच्या वॉर्डात एक केस आहे. यावर काही मिळेल का?’’ मी घड्याळाकडे पाहिले. घरी माझा मुलगा तापाने फणफणला होता, आठ वीसची बस चुकली असती तर पुढची नऊला. मी म्हटले, ‘‘आता वेळ संपली. सकाळी या, काढून ठेवते.’’ तो क्षणभर उभा राहिला आणि गेला.

सकाळी मी लवकर गेले. तीन लेख शोधले, खुणेच्या चिठ्ठ्या घालून टेबलावर ठेवले. दहा वाजले, बारा वाजले. दुपारी तो मला जिन्यात भेटला. मी म्हटले, ‘‘तुमचे लेख काढून ठेवलेत.’’ तो म्हणाला, ‘‘आता नकोत, बाई.’’ एवढेच बोलला आणि खाली उतरला.

त्या लेखांनी ते मूल वाचले असते, असे मी म्हणत नाही. कदाचित नसतेही वाचले. पण त्या मुलाच्या आईच्या बाजूने जेवढे करता येण्याजोगे होते, त्यातला माझ्या वाटणीचा हिस्सा मी केला नाही. तोही कुणाचे मूल बरे करायला धावत होता आणि मीही माझ्या मुलाकडेच धावत होते, म्हणून माझ्या मनात रागही कुणावर धरता येईना. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी केल्या. एक, आमच्या शिपाईमामांशी ठरवून दुसरी किल्ली अपघात विभागाच्या परिचारिकेकडे ठेवायची परवानगी मिळवली. तीन अर्ज करावे लागले. आणि दुसरी गोष्ट, आपल्या भागातल्या आजारांवर कुठल्याही परदेशी मासिकात ओळभर जरी आले, तरी त्याचे वेगळे कार्ड करून टेबलाच्या खणात ठेवू लागले. साप, विंचू, विषमज्वर, कावीळ.

पुढची गोष्ट १९८७ च्या पावसाळ्यातली. रात्री नऊच्या सुमारास दुसरा एक तरुण डॉक्टर आला. मी योगायोगाने मागे थांबले होते. म्हणाला, ‘‘बाई, महाडच्या कुणा डॉक्टरांनी विंचवावर काही लिहिले आहे म्हणतात. सापडेल?’’ कोकणातला तांबडा विंचू किती वाईट, हे तुमच्यापैकी कोकणातल्या भगिनींना सांगायला नको. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, छातीत पाणी होते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असे रोगी रात्र रात्र बसून पाहिले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे औषध त्यांना दिले तर उतार पडतो, हे दाखवले. १९८६ साली ते इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल.

मी खण उघडला. ‘विंचू’ या कार्डावर वर्ष आणि पान लिहिलेले होते. अंक काढायला पाच मिनिटे लागली नाहीत. त्याने उभ्याउभ्याच औषधाचे प्रमाण कागदावर उतरवून घेतले आणि पळाला. चौथ्या दिवशी दारातून डोकावून म्हणाला, ‘‘बाई, पोरगे घरी गेले.’’

बघा हं, ही किती मोठी साखळी आहे. महाडला एक डॉक्टर जागतो. लंडनला तो लेख छापला जातो. बोटीने किंवा विमानाने तो अंक आमच्या गावी येतो. आणि त्या साखळीची शेवटची कडी एका खणातले हाताने लिहिलेले कार्ड असते. ती कडी नसती, तर महाडचे ज्ञान लंडनला जाऊन आले असते आणि आमच्या फडताळात निजून राहिले असते. काकू, तुमच्या ‘एवढेच ना’चे हे उत्तर.

आता काळ बदलला. १९६४ पासून अमेरिकेत ही सूची संगणकावर करायला सुरुवात झाली. १९९७ पासून ती ‘पबमेड’ या नावाने इंटरनेटवर सर्वांना फुकट खुली झाली, आणि बिलिंग्जसाहेबांची छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ साली बंद झाली. माझी नातसून मला म्हणते, ‘‘आजी, आता सगळे मोबाईलवर मिळते. तुमचे काम संपले.’’ मी तिला म्हणते, ‘‘बाळ, पूर्वी कागद सापडत नव्हता, म्हणून आम्ही लागत होतो. आता एका प्रश्नाला दहा हजार कागद सापडतात, त्यांतला खरा कुठला आणि उपयोगाचा कुठला हे सांगायला कुणी लागणारच.’’ आजही मोठ्या इस्पितळांतल्या ग्रंथपाल हेच काम करतात. धान्य वाढले म्हणून सूप अडगळीत टाकता येत नाही.

शेवटी आपल्या घरचे बोलते आणि पुरे करते.

आपल्या मंडळाच्या मागच्या खोलीत पुस्तकांची दोन कपाटे आहेत. सभासदांनी दिलेली, कुणाच्या सासूबाईंच्या आठवणीची, कुणाच्या लेकीच्या शाळेची. आरोग्यावरची, बाळंतपणावरची, पोषणावरची पुस्तकेही त्यांत आहेत. कार्यकारिणीपुढे असा ठराव आहे, की वाचायला कुणी येत नाही, तेव्हा कपाटे काढून शिवणवर्गाला जागा करावी. शिवणवर्ग हवाच, त्याविषयी माझे दुमत नाही. त्या यंत्रांवर चार घरे चालतात. पण वाचायला कुणी का येत नाही, हे मी गेल्या महिन्यात जाऊन पाहिले. कपाटे मंगळवारी दुपारी तीन ते चार उघडी असतात. त्या वेळी नोकरी करणाऱ्या कचेरीत, धुणीभांडी करणाऱ्या दुसऱ्याच्या घरी आणि शाळकरी मुली शाळेत. किल्ली असते चिटणीसबाईंच्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला!

माझे एवढेच मागणे आहे. कपाटे एका भिंतीला लावू, म्हणजे शिवणयंत्रांना जागा होईल. रोज संध्याकाळी सात ते साडेआठ कुणीतरी एकजण तिथे बसेल. आठवड्याचे सात दिवस, सात जणी. पुस्तकांची यादी मी करून देते, कार्डे मी लिहिते. हाताला अजून सवय आहे. सोमवार माझा. उरलेले सहा वार तुम्ही वाटून घ्या. वर्षभर असे करून पाहू. त्यानंतरही कुणी आले नाही, तर कपाटे काढायच्या ठरावाला पहिला हात माझा वर होईल.

मार्शियाबाई एका दाराशी पन्नास वर्षे राहिल्या. आपल्याला दीड तास बसायचे आहे. ज्यांना वार घ्यायचा असेल त्यांनी चहापानाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे. वही आणि पेन मी बरोबर आणले आहे.